सोमवार ते शनिवार, रोज एक

आटपाडी,
रविवार, दुपार

प्रिय सृष्टी,

याआधीची माझी तीन पत्रं तू फोडलीच नाहीस. ती तुझ्या गादीखाली तशीच बंद सापडली, असं तुमच्या वसतिगृहाच्या संयोगिता मॅडमनी सांगितलं. बरंच केलंस. त्या तीन पत्रांत डाळिंबाला फुलं किती लागली, तांबड्या शेळीला दोन पिल्लं झाली, अभ्यास कर, थंडीत डोक्याला रुमाल बांध, एवढंच होतं. त्यात खरी म्हणावी अशी एकच गोष्ट मी लिहिली होती, ती म्हणजे तारीख. म्हणून या वेळी पाकिटावरचा पत्ता मी मुद्दाम लाल शाईनं लिहिलाय. लाल शाई का, हे साताऱ्यात दुसऱ्या कोणालाही कळणार नाही. तुला कळेल आणि निदान त्या रागानं तरी तू हे फोडशील, एवढ्यावर मी लिहायला बसलेय.

मॅडमचा फोन मंगळवारी मधल्या सुट्टीत आला. मी मुलांना खिचडी वाढत होते. सहामाहीला तू गणिताचा पेपर कोरा दिलास, आता दिवाळीनंतरच्या चाचणीलाही तसंच. नाव आहे, हजेरी क्रमांक आहे, खाली काही नाही. बाकीच्या विषयांत वर्गात दुसरी. गणिताचं पुस्तक समोर ठेवलं की पोरगी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसते, म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, की नववी झाल्यावर शाळा सोडल्याचा दाखला मिळेल का, असं तू ऑफिसात जाऊन विचारलंस. दहावीला बसायचंच नाही म्हणालीस. मॅडम मला विचारत होत्या, घरी काही झालंय का? तुम्ही स्वतः गणिताच्या शिक्षिका, तुम्हाला काही कल्पना? वाढायचा डाव माझ्या हातात तसाच होता आणि पोरं ताटल्या पुढं करून उभी होती. मी म्हणाले, वय आहे, दुसरं काय. सृष्टी, इतक्या सहज मी खोटं बोलते हे मला मे महिन्यापर्यंत माहीत नव्हतं.

दिवाळीला तू आली नाहीस. तुझे बाबा वसुबारसेपासून रोज एस.टी. स्टँडवर काहीतरी काम काढून जात होते आणि पिशवीत कधी खिळे, कधी सुतळी घेऊन परत येत होते. आपल्या घरात आता सुतळीचे सात गुंडे आहेत.

आज्जाची जागा अजून कोणी घेतली नाही. म्हणजे बसायची जागा. वाड्याच्या, मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी तो दगड आहे ना, ज्यावर बसून तो रोज संध्याकाळी मोजायचा, त्यावर कोणी बसत नाही. बाबा उभ्यानं मोजतात, आणि एक, दोन, तीन असं मोजतात. आज्जा कधी एक म्हणाला नाही. लाभ, दोन, तीन, चार. पहिलीत तू माझ्याच वर्गात होतीस, आठवतं? गोट्या मोजायला सांगितल्या तर सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात म्हणालीस, लाभ, दोन, तीन. मुलं हसली. आपलीच पोर आहे म्हणून लाड होतात असं कोणी म्हणू नये, यासाठी मी तुला बाकावर उभं केलं. घरी आल्यावर आज्जानं मला हटकलं. म्हणाला, "मास्तरणी, एक म्हटलं की एकच ऱ्हातंय बग. लाभ म्हटलं की मागनं दुसरं येतंय. पोरगीचं काय चुकलं?" मी पदर खोचून चुलीकडं वळले. तुलाही वर्गात बाकावरून उतर म्हणाले होते, पण माझं चुकलं म्हणाले नव्हते. माझी ती खोड जुनीच आहे.

त्याला अंगठ्यापलीकडं लिहिता येत नव्हतं, पण हिशेबाला तो माझ्या पुढं होता, हे मी कधी कबूल केलं नाही. पावसाळ्यात मेंढरांच्या खुरांना औषध लावायचं होतं तेव्हाचं तुला आठवत असेल. अठरा मेंढरं होती, पाय किती? मी पेन्सिल शोधत होते तोवर आज्जा त्याच्या वीस-वीसच्या हिशेबानं म्हणाला, "एक इसा मेंढरं असती तर चार इसा पाय. दोन मेंढरं कमी, त्येंचे आठ काढ. झाले की तीन इसा आन बारा." तू बहात्तर म्हणून ओरडलीस आणि दुसऱ्या दिवशी वहीत ते सगळं मांडून, वर 'वितरण गुणधर्म, शोधक: धुळा आज्जा' असं लिहून मला दाखवलंस. मी त्यावर बरोबरची खूण केली होती आणि खाली 'छान' लिहिलं होतं. तुझ्या वह्यांवर मी नेहमी तसंच लिहायचे.

आणि ते पेंडीचं. ते मात्र तू विसरली असलीस तर बरं. सातवीच्या वार्षिक परीक्षेआधी मी अंगणात तुझी उजळणी घेत होते. बेरजेत क्रम बदलला तरी बेरीज बदलत नाही, गुणाकारात क्रम बदलला तरी गुणाकार बदलत नाही, सात गुणिले एक काय आणि एक गुणिले सात काय. आज्जा दोरी वळत ऐकत होता. म्हणाला, "व्हय? मग सात दिसाची पेंड एका दिसात चारून बगा की मेंढराला. बेरीज तीच. मेंढरू मातर फुगून मरंल." आपण दोघी किती हसलो. मी म्हणाले, मामा, परीक्षेत मेंढरू विचारत नाहीत. तो पण हसला. एवढ्या वर्षांत मी नियम हजार वेळा शिकवला असेल, पण तो कुठं लावायचा नाही हे माझ्या सासऱ्यानं, त्या एका माणसानं मला सांगितलं होतं आणि मी त्याची चेष्टा केली.

गुरुवारी सहावीला तोच धडा आला. पुस्तकात आहे, टाळता येत नाही. मी फळ्यावर लिहिलं, सहा गुणिले एक बरोबर. पुढचा एक लिहिला. मग माझा हात थांबला. खडू फळ्यावर टेकवून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, बाई, एक गुणिले सहा. तिला वाटलं मी विसरले. मी फळा पुसला, पुढचा धडा काढा म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. तुला वाटत असेल, पुस्तक बघून हात मांडीखाली घेणारी या घरात तू एकटीच आहेस.

आता ते लिहिते. नाहीतर हे चौथं पत्रही पहिल्या तिन्हींसारखंच होईल.

आज्जाचे सांधे धरले, बोटं वाकडी व्हायला लागली, तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांनी ती पिवळी गोळी दिली. बारीक, मोहरीपेक्षा थोडी मोठी. आठवड्यातून एकदा सहा. रविवारी. त्यांनी दोनदा सांगितलं होतं, एकदाच घ्यायची, रोज नाही. तेव्हा दवाखान्यात बाबा होते आणि मी होते, तू नव्हतीस. हे मी आधीच लिहून ठेवते. घरी आल्यावर गोळ्यांचं काम तुझ्याकडं आलं, कारण आज्जा दुसऱ्या कोणाच्या हातून घेत नव्हता. "माज्या डाक्टरनीकडनं घीन," म्हणायचा. दीड वर्ष तू एक रविवार चुकवला नाहीस. बोटंही सैल झाली होती त्याची, दोरी वळायला लागला होता पुन्हा.

पण सहा गोळ्यांनी त्याला मळमळायचं आणि रविवार म्हणजे बिरोबाचा वार. देवाच्या दारात जायचं, ढोल वाजवायचा, आणि हा अंथरुणात. एप्रिलमध्ये तुझ्यामागं लागला, "एकदम सा नकोत गं, वाटून दे. माझा देवाचा वार बुडतोय." तू वाटून दिल्या नाहीस. तू त्याला म्हणालीस, थांब, आईला विचारते. सृष्टी, तू विचारलंस. चौदा वर्षांच्या मुलीनं करायला हवं ते नेमकं तू केलंस. तू कागदावर कोष्टक आखून माझ्याकडं आलीस आणि विचारलंस, आई, एका दिवशी सहाऐवजी सहा दिवस एकेक दिली तर चालेल का? माझ्यापुढं वार्षिक परीक्षेच्या चाळीस उत्तरपत्रिका होत्या आणि निकाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मी मान वर केली नाही. म्हणाले, सहा एके सहा, एक सक सहा, उत्तर तेच की गं. उलट हलकंच पडेल म्हाताऱ्याला.

हलकंच पडेल, म्हणाले. वाटून दिलेलं ओझं हलकं होतं एवढीच माझी अक्कल. नुसता वार बदलला असता तरी भागलं असतं. रविवारऐवजी बुधवारी सहा दिल्या असत्या तर ना देवाचा वार बुडाला असता ना काही. ते सुचायला दोन मिनिटं लागली असती. मी दोन मिनिटं दिली नाहीत.

महिन्याभरानं त्याच्या तोंडात फोड आले. भाकरी जाईना, मग पाणी जाईना. मला वाटलं उन्हाळ्याची उष्णता, मी सब्जा भिजवून पाजला. ताप आला तेव्हा मिरजेला नेलं. तिथल्या त्या तरुण डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं होतं तेव्हा तू भिंतीला टेकून उभी होतीस, ऐकलंस की नाही माहीत नाही. ही गोळी एका दिवशी घेतली की मधले सहा दिवस शरीराला उसंत मिळते. ती उसंत मिळाली नाही की आतून रक्त तयार होणंच थांबतं. गोळ्यांची बेरीज आपली बरोबर होती. उसंत आपण काढून घेतली.

मग त्यांनी विचारलं, गोळ्या कोण देत होतं? बाबा होते, बनूआत्या होत्या, मी होते. तू लगेच बोलली नाहीस. आधी माझ्याकडं बघितलंस. मी माझ्या चपलेच्या तुटलेल्या पट्ट्याकडं बघत होते. मला तुझं बघणं दिसत नव्हतं असं नाही, कळत होतं. तू वाट बघितलीस. मी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी उभी. मग तू म्हणालीस, "मी देत हुते. मीच वाटल्या." शाळेत, पाहुण्यांत नेहमी नीट बोलणारी तू, तेव्हा आज्जाच्या बोलीत बोललीस. बनूआत्यांनी तिथंच कपाळ बडवून घेतलं. "शिकून काय दिवं लावलंस गं, माज्या बापाला इख चारलंस." तू मान खाली घातलीस आणि तुझे बाबा उठून जिन्यात जाऊन बसले. तेव्हाही बोलता आलं असतं. आज्जा पुढं नऊ दिवस जगला. ते नऊ दिवस, दहावा, बारावा, प्रत्येक दिवशी बोलता आलं असतं.

का बोलले नाही, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ देऊन बघितली. खरं कारण एवढंच आहे, की मी तिथं उभ्या उभ्या विचार केला. पोर आहे, चार दिवसांनी लोक म्हणतील, अजाण होती, विसरतील. पण मास्तरणीनं सासऱ्याला गणित चुकवून मारलं, हे या तालुक्यात कोणी विसरणार नाही. या घरातली शिकलेली पहिली सून मी. मला नोकरी करू द्या म्हणून भावकीत भांडलेला माणूस आत खाटेवर पडलेला आणि बाहेर मी माझं नाव सांभाळत होते. पाप कसं करतात असं कोणी विचारलं तर मी सांगू शकेन, अगदी शांतपणे करतात.

साताऱ्याची शाळा चांगली, तुझ्या भल्यासाठी, बनूआत्यांच्या बोलण्यापासून लांब, हे सगळं मी तुला आणि बाबांना पटवलं. शाळा चांगली आहे हे खरं. पण मला तू समोर नको होतीस. तू ताट वाढायचीस, पाणी द्यायचीस, एका शब्दानं कधी विचारलं नाहीस आणि तुझं ते न विचारणं मला सोसत नव्हतं. बाबा तुला जन्मापासून 'आय' म्हणून हाक मारायचे. मिरजेहून आल्यावर ते तुला नावानं हाक मारायला लागले. ते तू ऐकत होतीस आणि मी भाकरी थापत होते.

अजून एक राहिलंय. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, पण तुला माहीत आहे, हेही मला माहीत आहे. आज्जाला मिरजेला न्यायला जीप दारात उभी होती तेव्हा आधारकार्ड राहिलं म्हणून मी आत गेले. कार्ड माझ्या पर्समध्येच होतं. तू ज्वारीच्या पत्र्याच्या कणगीवर भाताच्या शितांनी चिकटवलेला तो कोष्टकाचा कागद मी काढला आणि माझ्या डी.एड.च्या फाइलमध्ये ठेवला. म्हणजे त्या घडीला, मिरजेला कोणी काही म्हणायच्या आधीच, मला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला आपण घरी आलो तेव्हा तू कणगीपाशी गेलीस. पत्र्यावर वाळलेली शितं होती, त्यावरून तू बोट फिरवलंस. मग पिशवी भरायला गेलीस. कागद कुठं गेला, असं तू मला विचारलं नाहीस. तुला तो सापडला असता, तू तो सगळ्यांपुढं धरला असतास, तर तू सुटली असतीस. मी तुझ्या हातातून तेवढंही काढून घेतलं.

काल शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी घरी आले आणि तो कागद बाबांच्या हातात दिला. ते मेंढरांना पाणी दाखवत होते. कागद ओला होऊ नये म्हणून त्यांनी आधी हात धोतराला पुसले, कारण अक्षर तुझं होतं. वर तू लिहिलं होतंस, 'सोमवार ते शनिवार, रोज एक. रविवारी सुट्टी. एकूण सहा.' खाली सहा चौकोन, प्रत्येकात एक. आणि त्याखाली माझी लाल शाई. बरोबरची मोठी खूण, 'छान', माझी सही, तारीख. मी मान वर केली नव्हती, पण पेन चालवलं होतं. चाळीस पेपरांच्या हातासरशी एकेचाळिसावा. बाबांनी दोनदा वाचलं. विचारलं, "तवा का न्हाई बोललीस?" ते मला रागावले नाहीत. कालपासून घरात जेवलेही नाहीत. आज सकाळी एवढंच म्हणाले, की बुधवारी पहिल्या गाडीनं साताऱ्याला निघतो, आयला बगून येतो. आय म्हणाले, सृष्टी. मी येऊ का विचारलं, तर नको म्हणाले. तू त्यांच्याबरोबर यावंस, माझ्याशी बोलावंस, हे मी मागत नाही, मागायला तोंड नाही. फक्त तो दाखला मागू नकोस. पेपर लिही. तो नियम खरा आहे, तू विचारलंस तेही बरोबर होतं, आणि चुकीच्या जागी बरोबरची खूण केली ती तू नाहीस. हे पत्र त्यासाठी आहे. तो कागद मी तुला पाठवत नाही. भात शिजवून, चार शितं घेऊन मी तो पुन्हा कणगीवर होता तिथंच लावलाय, दारातून आत येणाऱ्या कोणालाही दिसेल असा. मघाशी बनूआत्या देवाला जायला आल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. कणगीपाशी थांबल्या, चौकोनांवरून बोट फिरवत खाली आल्या आणि म्हणाल्या, "ह्ये तर पोरीचं. आन ही तांबडी खूण कुनाची गं?" मी सांगितलं, माझी.

तुझीच,
आई